मळाचा रंग

आज सकाळी आंघोळ करताना तुम्ही अंगावरून जे घासून काढलंत आणि मोरीतून वाहू दिलंत, ते नेमकं काय होतं? मळ, असंच तुम्ही म्हणाल. पंधरा वर्षांची होईपर्यंत मीही तेच म्हणत होते. पण तो कधी चिमटीत धरून, उजेडात नेऊन पाहिलात का? मग न पाहताच त्याला मळ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही अक्का म्हणतो. संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात राहत होतो. वडील, म्हणजे आबा, जवळच्या छापखान्यात कंपोझिटर. दिवसभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे आणि काळी बोटं घेऊन घरी यायचे. येताना बिघडलेले छापील कागद आणायचे. त्यामुळे आमच्या घरात पुस्तकं चार-पाचच होती, पत्रकं मात्र पोत्यानं. दारू सोडा, विहीर सगळ्यांना खुली करा, हुंडा देऊ नका आणि घेऊ नका. फडताळातल्या डब्यांखाली तेच कागद अंथरलेले असायचे. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. हळदीचा डबा उचलला की वाक्य पुरं व्हायचं. डाळीचा डबा आईला उचलू द्यायचा नसला की ते अर्धंच राहायचं, आणि मग दिवसभर मला त्या अर्ध्या वाक्यानं जेवण गोड लागायचं नाही.

आबांना मात्र पत्रकांचं एवढं कौतुक नव्हतं. रोज जुळवणाऱ्याला कुठलं असणार! ते म्हणायचे, "पत्रक म्हंजे काय? पैलं पान वाचायला, आन् राहिलेली तीन पानं शेंगदाणं बांधायला." मला याचा संताप यायचा. माणसं चौथ्या पानापर्यंत जात नाहीत हा माणसांचा दोष, पत्रकाचा नव्हे, असं मी त्यांना ठणकावून सांगायची. ते हसायचे आणि हात धुवायला जायचे.

अक्का आबांवर गेलेली. काळीसावळी, उंच, खणखणीत आवाजाची. आई गोरी. मी दोघांच्या मधली, म्हणून माझ्या रंगाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. अक्का सातवीची फायनल पास झाली होती आणि तिला शाळेत शिकवायचं होतं. तेवढ्यात मलकापूरची आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा तिकडचा शाळामास्तर. आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं की बायको शिकवत असेल तर माझी हरकत नाही. आत्यानं हे सहज, पान लावता लावता सांगितलं. अक्कानं ऐकलं, आणि तिच्या हातातलं सूप थांबलेलं मी पाहिलं. त्या रात्री ती मला म्हणाली, "असलं घर परत येतंय व्हय? ही लोकं न्हाय म्हणाली, तर मग पुढचं कोण का असंना, शिकवायला न्हाय मिळायचं मला."

म्हणून हे स्थळ जमायला हवं होतं. आत्याला ते भाची आपल्या गावात यावी म्हणून हवं होतं आणि अक्काला शाळेसाठी. आणि दोघींच्या वाटेत एकच अडचण होती, अक्काचा रंग.

"पंधरा दिस हायत," आत्या पदर खोचत म्हणाली. "पंधरा दिसांत पोरीला उजळ करते का न्हाय बघा."

दुसऱ्या सकाळपासून आमची न्हाणी म्हणजे कारखाना झाली. आई चुलवणावर पाणी तापवायची, आत्या मसुराच्या डाळीचं पीठ सायीत कालवायची, चिमूटभर हळद टाकायची आणि अक्काच्या हातापाठीवर लिंपायची. ते अर्धवट वाळलं की उलट्या हातानं चोळायचं. पिठाच्या बारीक वळ्या व्हायच्या, त्या शेवयांसारख्या खाली पडायच्या, आणि आत्या त्या विजयी मुद्रेनं दाखवायची. "बघ, बघ किती मळ हाय!"

"आई गं, आत्या, कातडं निघंल की!"

"निघू दे. खाली गोरं हाय."

मी दाराशी उभी होते. न राहवून विचारलं, "कशावरून?"

"कशावरून म्हंजे? बटाटा सोलल्यावर आत काय असतंय?"

"आणि बीट सोलल्यावर?"

"हिला कुणी बोलावलं हितं? जा, शाळंला जा."

मी शाळेला गेले, पण माझं डोकं न्हाणीतच राहिलं. खाली गोरं आहे, हे आत्याला कुणी सांगितलं? तिच्या आईनं. तिच्या आईला तिच्या आईनं. एकीनंही खाली जाऊन पाहिलेलं नाही, आणि सगळ्या शतकानुशतकं घासतायत! असल्या गोष्टीवर एकही पत्रक निघालेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. ते मीच काढायचं ठरवलं. पण आधी पुरावा हवा.

आणि एकदा पुरावा शोधायला लागल्यावर मला दिसलं की कोल्हापूर हे घासणाऱ्यांचं गाव आहे. आबांचंच घ्या. ते चाळिशीच्या पुढचे होते तरी पहाटे तालमीत जायचे. तिथली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असलं काय काय मुरवलेलं असतं. ती अंगाला लागायची, घामात भिजायची, वाळायची, आणि घरी आल्यावर आबा ती तळहातानं चोळून काढायचे. खालून त्यांची पाठ तुकतुकीत निघायची, काळ्या शिसवीच्या लाकडाला तेल दिल्यासारखी. काळीच, पण बघत राहावं अशी. संध्याकाळी छापखान्यातून आले की दुसरी तऱ्हा. शाई पाण्यानं जात नाही, म्हणून रॉकेलचा बोळा आणि मग लाकडाचा भुसा दोन्ही तळहातांत घेऊन खसाखसा. घाटावर बायका टाचा घासायच्या त्या नदीच्या खरबरीत दगडानं. शेजारी घोसाळ्याचा वेल होता. त्यावरचं जून झालेलं घोसाळं वाळवून, सोलून आतली जाळी काढायचे आणि त्यानं पोरांना आंघोळ घालायचे. आई स्वतः काहीच घासत नसे. ती आंबट ताक चेहऱ्याला लावून स्वयंपाकाला लागायची आणि पोळ्या होईतो ठेवून धुऊन टाकायची. "घासायचं कशाला? ताक आपलं आपण सोडवतंय," एवढंच तिचं म्हणणं.

मला हे फार नवल वाटलं. सहा-सात तऱ्हा, आणि त्या सगळ्या दोनच जातींच्या. एक ओरबाडून काढायची, दुसरी आंबवून सैल करायची. काय काढायचं आणि काय सैल करायचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आणि सगळ्यांची राणी म्हणजे वज्री. आमच्याकडे पितळेची होती, वर मोराची मूठ, खाली कानशीसारखे दाते. टाचा घासायला आईच्या रुखवतात आलेली. न्हाणीच्या कोनाड्यात ती कायमची बसलेली असायची.

मी माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला शाईच्या पेन्सिलीनं पाच चौकोन काढले. पेन्सिल थुंकीत भिजवून ते जांभळे रंगवले. एक चौकोन डाळीच्या पिठाचा, एक घोसाळ्याच्या जाळीचा, एक ताकाचा, एक वज्रीचा. पाचव्याला हात लावायचा नाही. तो साक्षीदार. कल्पना अशी की ज्या चौकोनातली शाई लवकर जाईल ती तऱ्हा जास्त खरवडते. रोज सकाळी अक्काचं न्हाणं झालं की माझं.

वज्रीचा चौकोन दोन दिवसांत साफ झाला. लाल झाला, पाणी लागलं की झोंबायचा, पण मी शास्त्राच्या नावाखाली दात खाऊन सोसलं. जाळीला चार दिवस लागले. पिठाला आणि ताकाला पाच-सहा. इथवर माझ्या अंदाजाप्रमाणे. पण दहा-अकरा दिवसांत त्या पाचव्या चौकोनातली शाईसुद्धा विरत विरत गेली! त्याला मी बोट लावलं नव्हतं. पाण्यानं गेली म्हणावं तर मी तो हात न्हाणीच्या दाराबाहेर काढून आंघोळ करत होते. आई म्हणायचीसुद्धा, "ही पोरगी हात वर करून काय शपथ घेती काय रोज?"

मग शाई गेली कुठं? मी आबांना विचारलं.

"जाती की," आबा म्हणाले. "सणाला चार दिस छापखाना बंद असला की माझ्या बोटांची बी जाती. घासा, नायतर न घासा. कातडं आपलं आपण बदलतंय. साप एका दमात टाकतो, आपण चिमटीचिमटीनं."

इतकी वर्षं रोज काळे होणारे हात बघत असलेल्या माणसाला हे माहीत होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी माझा दंड स्वच्छ आंघोळीनंतर ओल्या पंच्यानं चोळला. वळ्या निघाल्या. धुतला, परत चोळला. परत निघाल्या. तिसऱ्यांदाही. मळ असता तर संपला असता. हा संपतच नव्हता, कारण तो मळ नव्हताच, मीच होते. माझंच जुनं कातडं वळ्या होऊन पंच्याला लागत होतं. मोरीतून रोज आपण स्वतःला थोडं थोडं वाहून देतो, या विचारानं मला हसूही आलं आणि अंगावर काटाही.

आता मुख्य मुद्दा. अक्काच्या आंघोळीनंतर मी तिच्या हाताच्या वळ्या कागदावर घेतल्या. आई देवासमोर बसली असताना तिचा दंडही ओल्या पंच्यानं चोळला.

"काय करायला लागलीयास?"

"गप बस गं आई, विज्ञान आहे."

"आंघोळ करून बसलेय मी, आन् हिचं विज्ञान!"

गोऱ्या आईच्या वळ्या आणि काळ्या अक्काच्या वळ्या मी खिडकीत शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्ही राखाडी. एकसारख्या राखाडी. मी कागद फिरवला, डोळे मिटले, उघडले, आणि मलाच सांगता येईना की कुठल्या कुणाच्या. म्हणजे आत्या इतके दिवस अक्काच्या अंगावरून जे काढत होती, त्यात अक्काचा काळेपणा दिसायलाही नव्हता.

तरीही 'खाली गोरं आहे' हा दावा उरलाच. खाली जाऊन आलेला माणूस हवा होता. मला एकच आठवला. आमच्या चपला जिच्याकडून यायच्या ती मावशी, गावाच्या कडेला कातडी कमवायची तिथं. मी शाळेतून परस्पर गेले. ती अंगणात बाभळीच्या सालीच्या पाण्यातून कातडं वर काढत होती. वास असा की डोळ्यांत पाणी आलं.

"पावणं, आज चपलंला काय झालं?" ती हसत म्हणाली.

मी म्हटलं, चप्पल ठीक आहे, एक विचारायचं होतं. काळ्या जनावराच्या कातड्याखाली काय असतं?

ती थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हात पुसून तिनं दुसऱ्या हौदाकडे नेलं. त्यात चुन्याचं पाणी होतं. "ह्यात घालायचं. आठ-दहा दिसांत केस सैल हुत्यात. केसांबरोबर वरचं पापुदऱ्यावाणी समदं सुटतं. राहिलेलं सुरीनं खरडायचं. खालचं बघ." तिनं एक कातडं उचलून दाखवलं. फिकट, जवळजवळ पांढरं. "ही म्हस होती. काळीकुट्ट. आन् हे पलीकडचं पांढऱ्या बैलाचं. आता सांग कोण कुठलं."

"म्हणजे रंग निघतो!" मी जवळजवळ ओरडले. माझं सगळं पत्रक कोसळत होतं. आत्या बरोबर होती!

"निघतो की," मावशी म्हणाली. "पर जनावर मेल्याबिगर न्हाय." आणि मग हळूच, "कुणाचं कातडं काढाय लागलाय गं तुमच्यात?"

मी तिला अक्काचं सांगितलं. ती कातडं परत पाण्यात सोडत म्हणाली, "आमच्याकडं बी घासत्यात पोरींना. मी रोज हे बघती, तरी माझ्या पोरीला घासलीच की मी."

घरी आल्यावर आत्यानं वासावरून ओळखलं मी कुठं गेले होते ते. "शिवलीस का तिथं कुणाला? जा आधी, डोक्यावरनं आंघोळ कर."

"करते की," मी म्हटलं. "म्हणजे आणखी कातडं निघेल. मला पाहिजेच आहे वहीत चिकटवायला."

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. छापखान्याच्या कागदाची चार पानांची घडी, जसं खरं असतं तसं. सगळ्या पत्रकांत आधी जगाची स्थिती सांगतात आणि शेवटी घाव घालतात, म्हणून मीही तसंच केलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'घासण्याच्या तऱ्हा', आणि खाली क्रम: सर्वांत जास्त काढते वज्री, मग घोसाळ्याची जाळी, मग पीठ, मग ताक. दुसऱ्या पानावर चौकोनांची हकीकत. तिसऱ्यावर आईच्या आणि अक्काच्या वळ्या. आणि चौथ्यावर मावशीचं वाक्य आणि त्याखाली माझं: रंग हा मळ नव्हे, तो जिवंत माणसाच्या अंगातून निघत नाही, आणि जो निघावा असं म्हणतो त्याला माणूस नको, कातडं हवं आहे. या वाक्यावर मी इतकी खूश होते की शाई वाळेपर्यंत फुंकत बसले.

पाहुणे यायला तीन दिवस होते. पत्रक मी अक्काच्या हातात दिलं. "वाच. मग आत्याला हातसुद्धा लावू देऊ नकोस."

ती कणीक मळत होती. पिठाच्या हातानंच तिनं ते घेतलं, पहिल्या पानावर नजर टाकली, आणि आत्यानं हाक मारली म्हणून पोलक्यात खोचलं.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच न्हाणीत गेली. आत्याला नको म्हणाली. मला वाटलं, माझं पत्रक कामाला आलं! मी ऐटीत भाकरी खात बसले होते. बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज नाही. आईनं दार वाजवलं. अक्कानं उघडलं तेव्हा जबड्याखाली, उजव्या बाजूनं गळ्यापर्यंत, रुपयाएवढाले दोन-तीन भाग सोललेले होते. रक्ताचे बारीक ठिपके वर आले होते. हातात वज्री होती. ती रडत नव्हती. ती आरशाच्या तुकड्यात बघत होती, खाली गोरं दिसतंय का ते.

कोनाड्यात, वज्रीच्या जागी, माझं पत्रक ठेवलं होतं. घडी न उघडलेलं. पहिलं पान वर.

मी म्हटलं, "अक्का, चौथं पान नाही वाचलंस?"

तिनं आरशाचा तुकडा खाली केला. "चौथं पान होतं?"

आईनं खोबरेल लावलं. आत्या डोक्याला हात लावून बसली. आबा संध्याकाळी आले, त्यांनी अक्काचा गळा पाहिला, मग ओलं पत्रक पाहिलं. पहिलं पान वाचून ते हात धुवायला गेले.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. मास्तर, त्याची आई आणि एक मामा. आत्यानं अक्काच्या खपल्यांवर पावडर थापली होती. ती पावडर भिंतीच्या पोपड्यासारखी सुटून उभी राहिली होती. अक्का पोहे देऊन बसली. मास्तरच्या आईनं थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग वाकून पाहिलं.

"गळ्याला काय झालं गं?"

"पायरीवरनं पडली परवा," आत्या झटकन म्हणाली. "लई धांदरट हाय."

मी तोंड उघडलं. अक्कानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं. मग ती स्वतःच, त्या खणखणीत आवाजात, म्हणाली, "पडले न्हाय. वज्रीनं घासलं मी."

"गळ्याला? वज्री?"

"व्हय."

"आन् का?"

"उजळ दिसावं म्हणून. तुम्ही येणार होता ना."

मामा पोह्यांतले दाणे वेचू लागले. मास्तर जमिनीकडे बघत होता. त्याची आई मात्र उठली. अक्काची हनुवटी धरून तिनं ती उजेडाकडे वळवली, नीट पाहिलं. "टाचंची वज्री टाचंला लावावी, येडे," ती म्हणाली. "खपली उचकटू नको. डाग पडंल." आणि परत जाऊन बसली. तिचा आवाज मायेचा होता, हे मला आजही मान्य करावं लागतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आत्यानं आधीच जुळवून आणली होती. मग काय जुळलं नाही? रंग? डाग? की पाहुण्यांसमोर खरं बोलणारी मुलगी? हे आम्हाला कधीच कळलं नाही. मी पेटले. त्या मास्तराच्या नावानिशी पत्रक काढते म्हणाले, आबा नाही छापणार तर हातानं शंभर लिहीन. अक्कानं पत्राची घडी घातली.

"लिही की," ती म्हणाली. "पण एक कर. जे सांगायचं असंल ते पहिल्या पानावर लिही."

मी ते पत्रक लिहिलं नाही.

त्याच सुमारास माझ्या हातावर एक गोष्ट झाली. बाकीचे चौकोन कुठं होते ते शोधूनही सापडत नव्हतं, पण वज्रीचा चौकोन भोवतीच्या कातड्यापेक्षा काळा पडत गेला. स्पष्ट, कडा असलेला, गडद चौकोन. जिवंत कातड्याला ओरबाडलं की ते स्वतःला झाकून घ्यायला आणखी रंग आणतं. हा माझ्या प्रयोगाचा सर्वांत मोठा निष्कर्ष, आणि तो पत्रक देऊन झाल्यावर आला. अक्काच्या गळ्यावरही तेच झालं. उजळायला निघालेली जागाच सगळ्यांत काळी झाली.

माझा चौकोन वर्षभरात विरला. तिचा डाग आहे.

अक्का पुढच्या वर्षी मास्तरीण झाली, लग्नाआधीच, चंदगड तालुक्यातल्या एका गावी. आबांनीच अर्ज लिहून दिला. आत्या म्हणाली पोरगी हातची गेली, आणि तिला पोचवायला एस्टीत शेजारी बसून तीच गेली. गेल्या पावसाळ्यात मी तिथं गेले होते. भिजत, चिखलातून शाळेत पोचले तर अक्काचा वर्ग चालला होता. तिच्या डागाबद्दल पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुमच्या गळ्याला काय झालंय?" अक्कानं सांगितलं होतं, "माझ्या बहिणीचं पत्रक अर्धंच वाचलं मी." मुलींना काही कळलं नाही. म्हणून तिनं त्यांना करून दाखवलं, आणि आता दर वर्षी नव्या मुलींना दाखवते. मी पोचले त्या दिवशी तेच चाललं होतं.

मुलींनी दंड ओल्या फडक्यानं चोळले होते. गोऱ्या, सावळ्या, काळ्या, सगळ्यांनी. निघालेल्या वळ्या एका पाटीवर ओळीनं ठेवल्या होत्या. काळ्या पाटीवर राखाडी ठिपक्यांची रांग. अक्कानं पाटी फिरवली आणि विचारलं, "सांगा, ह्यातली कुठली कुणाची?" मुली एकमेकींच्या अंगावर रेलून बघत होत्या. एकीनं बोट ठेवलं, "ही माझी, मला माहीत हाय." दुसरी म्हणाली, "हॅट, ती माझी." भांडण जुंपलं. अक्का हसत उभी होती, गळ्यावरचा डाग उघडा ठेवून. मीही बाही वर केली आणि माझी एक वळी रांगेत ठेवली.

तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या सकाळी आंघोळ झाल्यावर एक पाटी घ्या, नसेल तर काळा कागद. घरातल्या प्रत्येकाचा दंड ओल्या फडक्यानं चोळा आणि निघेल ते शेजारीशेजारी ठेवा. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी जो कुणी एखाद्या मुलीला म्हणत असेल की घास, उजळशील, त्याला बोलावून ती पाटी समोर धरा आणि काळ्या मुलीची वळी ओळखून दाखवायला सांगा. आणि न्हाणीतली वज्री कोनाड्यातून काढून खाली, टाचेजवळ ठेवा.